सरड्याच्या डोळ्यावरचं पान

मी आयुष्यात एकही गोष्ट बनवून सांगितलेली नव्हती, हे आधी लिहून ठेवतो. एकतीस वर्षं मी दाखल्यांच्या कचेरीत, नक्कल विभागात काढली. लोक यायचे, जुन्या कागदाची प्रत मागायचे. मी मूळ कागद शोधायचो, त्यावरून प्रत उतरवून घ्यायचो, ओळ न् ओळ ताडून बघायचो आणि मगच खाली गोल जांभळा शिक्का मारायचो. मूळ कागदावर शाईचा डाग असेल, तर नकलेत त्या जागी मी 'येथे डाग' असं लिहीत असे. लोक हसायचे. हसू देत. माझ्या एकाही नकलेवर कधी तक्रार आली नाही.

अशा माणसाच्या हातून अख्खी लोककथा घडावी, तिच्यावरून आमच्या जिन्यात तीन तट पडावेत आणि शेवटी मला माझ्याच कचेरीत अर्जदारासारखं रांगेत उभं राहावं लागावं, याला मी जबाबदार नाही. जबाबदार सरडा आहे.

आणि थोडीशी मिरी.

मिरी म्हणजे आमची नात. खरं नाव वेगळं आहे, पण लहान, गोल आणि तिखट असल्यामुळे मिरीच चालू पडलं. लेक आणि जावई दोघंही नोकरीवर, त्यामुळे शाळा सुटली की चार ते आठ ती आमच्या ताब्यात, म्हणजे आम्ही तिच्या ताब्यात. सातवं पुरं व्हायला थोडे महिने होते, तेव्हा तिचा डावा डोळा जरा आत वळतो हे लक्षात आलं आणि आम्ही सगळे वरात काढल्यासारखे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाई मोजकं बोलणाऱ्या. म्हणाल्या, "उजवा डोळा उत्तम आहे. तोच सगळं काम करतो, म्हणून डाव्याने बघायचंच सोडून दिलंय. रोज चार तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. त्या वेळात डाव्याकडून चित्रं काढून घ्या, वाचून घ्या, मणी ओवून घ्या."

मी विचारलं, "आणि नाही लावली तर?"

"तर तो डोळा बघायला शिकणार नाही. हे वय आहे तोवरच शिकतो. नंतर मी काही करू शकणार नाही."

आमच्या कचेरीत बरोबर उलटी पद्धत होती. जो काम करतो त्याच्याच टेबलावर आणखी फायली, आणि आळशी माणसाला कुणी बोटही लावत नसे. या बाई आमच्या साहेब असत्या तर मी अर्ध्या नोकरीत सुट्टीवर असतो. पण गंमत बाजूला. ते 'काही करू शकणार नाही' ऐकून मी बाईंकडून सगळं तारखेसकट लिहून घेतलं. लेक तर दवाखान्याच्या पायरीवर बसूनच राहिली. मी तिला म्हटलं, "चार ते आठ ना? ते माझ्याकडे लागलं. तू चिंता करू नकोस." निवृत्त माणसाला कुठलीही जबाबदारी घ्यायची फार हौस असते.

पहिल्या आठवड्यात ती पट्टी मिरीच्या डोळ्याखेरीज सगळीकडे लागली. फ्रिजवर लागली, भिंतीवरच्या घड्याळावर लागली, आणि एकदा माझा खुर्चीत डोळा लागला असताना माझ्या टकलावर लागली. तशीच घेऊन मी खाली जाऊन दूधवाल्याशी पाच मिनिटं बोललो. तो बिचारा शेवटी हळूच म्हणाला, "साहेब, टाके किती पडले?"

मी रागावलो. ही, म्हणजे मिरीची आजी, रागावली. मिरी आम्हा दोघांपेक्षा जास्त रागावली.

"झाकायचाच तर वाईट डोळा झाका ना! चांगला कशाला झाकता? मग सगळ्यांना वाईटच दिसतो!"

हे कुठून आलं, ते पुढे कळलं. वर्गात एका मुलीने तिला विचारलं होतं, 'तू माझ्याकडे बघतेस की खिडकीकडे?' आणि सगळा वर्ग हसला होता. हे मिरीने आम्हाला सांगितलं नाही, तिच्या बाईंनी लेकीला सांगितलं. मला त्या मुलीचा इतका राग आला, की मी दोन दिवस मनातल्या मनात शाळेला अर्ज लिहीत होतो. पहिलीतल्या मुलीविरुद्ध अर्ज कुणाच्या नावे करायचा, इथेच तो अडला.

तर अशा एका दुपारी मिरी चित्रांचं पुस्तक घेऊन माझ्यापुढे आली. पानभर सरडा होता. तो रंग बदलणारा, हळूहळू चालणारा. त्याचा एक डोळा आभाळाकडे, दुसरा आमच्याकडे.

"आजोबा, याचे डोळे असे का?"

आता मी नेहमीसारखा 'पुस्तकात बघू' म्हणणार होतो. पण तिचा आवाज सरड्याविषयी विचारल्यासारखा नव्हता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याची एक गोष्ट आहे."

फार पूर्वी सरड्याचे दोन्ही डोळे एकाच दिशेला बघायचे, असं मी सुरू केलं. त्याच्या एका बाजूच्या फांदीवर त्याची म्हातारी आई राहायची, दुसऱ्या बाजूच्या फांदीवर त्याचं पिल्लू. आईकडे बघावं तर पिल्लू घसरतंय, पिल्लाकडे बघावं तर आई हाक मारतेय. बिचाऱ्याची मान मोडून आली. शेवटी तो डोळ्यांना म्हणाला, तुम्ही दोघं काम वाटून घ्या. उजवा म्हणाला, बरं. डावा म्हणाला, मला सवय नाही, उजव्यालाच सांगा. (हे वाक्य मी कचेरीतून जसंच्या तसं उचललं.) तेव्हा सरड्याने लिंबाचं एक पान तोडलं आणि उजव्या डोळ्यावर चिकटवलं.

"उजव्याने काय केलं होतं?" मिरीने विचारलं.

"काही नाही. त्याने खूप काम केलं होतं. त्याला रजा."

डावा डोळा आधी चिडला, मग रडला. त्याला आई म्हणजे नुसता एक हिरवा ठिपका दिसायची. पण सरडा रोज पान लावत राहिला आणि डावा रोज बघत राहिला, आणि एके दिवशी त्याला आईच्या पाठीवरचे बारीक बारीक ठिपकेसुद्धा दिसले. त्याच दिवशी पान आपोआप गळून पडलं. तेव्हापासून सरड्याचे दोन्ही डोळे आपापलं बघतात. एकाच वेळी आई आणि पिल्लू दोन्ही दिसणारा प्राणी जगात तो एकच.

मिरीने पुस्तकातल्या सरड्याच्या एका डोळ्यावर बोट ठेवून बघितलं. मग म्हणाली, "खरी आहे?"

इथे मी घसरलो. "जुनी आहे," मी म्हटलं, "माझ्या आजीने मला सांगितलेली."

स्वयंपाकघरात झाकण पडल्याचा आवाज आला.

मिरीने हात पुढे केला. "ते लिंबाचं पान द्या." आणि पट्टी तिने आपल्या हाताने लावली. चार तास. मी गॅलरीत जाऊन उगीचच झाडांना पाणी घातलं, कारण मला कुणाला तरी काहीतरी द्यावंसं वाटत होतं. आठ वाजता लेक मिरीला घेऊन गेली, तेव्हा कुठे ही बाहेर आली.

"तुमची आजी तुमच्या जन्माआधी चार वर्षं गेली होती."

"तू कुठे बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? मला तर बाई आवडली गोष्ट," ही म्हणाली. आमच्या घरात हरवलेली प्रत्येक वस्तू शेवटी हिच्याकडेच सापडते, चष्मा, किल्ल्या, लेकीचं पहिलीतलं प्रगतिपुस्तक, सगळं. तसंच हे गुपितही तिच्याकडे जमा झालं.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला हुकूम झाला, "कालची गोष्ट. तशीच." मी सुरू केली आणि दुसऱ्याच मिनिटाला पकडला गेलो. "काल लिंबाचं पान होतं, आज पेरूचं कसं?" एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका हेरणाऱ्या माणसाला सात वर्षांची पोर टिपत होती. मूळच नाही तर ताडून कशाशी बघणार? मी सगळी गोष्ट पुन्हा लिंबावर आणली.

हे सगळं आम्ही गॅलरीत बसून करत होतो, ही माझी दुसरी चूक. आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांचे कान इतके तयार आहेत, की आमच्याकडे दूध उतू गेलं की गॅस बंद करा म्हणून त्या खालून ओरडतात. आठवडाभर त्यांनी सरडा ऐकला. मग एक दिवस वर आल्या.

"भाऊजी, गोष्ट छान सांगता हो, पण चुकीची सांगता."

"चुकीची?"

"आमच्याकडे ती वेगळी आहे. पान तीनच दिवस होतं. माझी आत्या सांगायची."

जी गोष्ट मी आठ दिवसांपूर्वी स्वतःच्या तोंडाने जन्माला घातली, ती या बाईंच्या आत्याने साठ वर्षांपूर्वी सांगितली होती! मी म्हणणार होतो, अहो काकू, हे शक्यच नाही. पण समोर मिरी बसलेली, एका डोळ्याने आमच्याकडे बघत. गोष्ट माझी आहे म्हणावं, तर आजी खोटी. आजी खोटी तर पान खोटं. मी काकूंना चहा विचारला.

मिरीने पट्टी काढून टेबलावर ठेवली. "माझे तीन दिवस कधीच झाले."

दोन दिवस मी नाक घासलं तेव्हा पट्टी परत चढली. तेवढ्यात समोरच्या दाराचे हेडमास्तर मध्यस्थीला आले. निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली आहेत, पण अजून ते पायपुसण्यावरसुद्धा वर्गात शिरल्यासारखे पाय देतात. "काकूंचं चूक आहे," ते म्हणाले, "दिवसांचा उल्लेखच नाही. मी ही कथा शाळेत कैक वर्षं सांगितली आहे. मात्र पान डाव्या डोळ्यावर होतं."

"सर, उजव्या," मी दात आवळून म्हटलं.

"डाव्या. चांगलं आठवतंय मला. मी फळ्यावर आकृती काढत असे."

पुढचे पाच दिवस मिरी अतिशय शहाण्यासारखी पट्टी लावून बसत होती. वेळेवर लावायची, वेळेवर काढायची, भराभरा चित्रं रंगवायची. मी खूश. सहाव्या दिवशी हिने बघितलं आणि कपाळाला हात लावला. पट्टी डाव्या डोळ्यावर होती. आळशी साहेब रजेवर, आणि उजवा बिचारा पुन्हा कामावर! माझ्या लक्षात आलं नाही, कारण समोर बसलेल्याचा डावा-उजवा माझा कायम उलटा होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यातच तपासणीची तारीख आली. मी पाचावर धारण बसलेल्या अवस्थेत मिरीला घेऊन गेलो. बाहेर गर्दी होती, आमचा नंबर अकरावा. आतून एकेका पेशंटचा अक्षरं वाचण्याचा आवाज येत होता. मिरी दाराशी उभी राहून पाय हलवत होती. मग आम्ही आत गेलो, उजवा डोळा झाकला, आणि आमची मिरी तक्त्याची वरपासून खालपर्यंत एकेक ओळ घडाघडा वाचत गेली. शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा!

मी उठून उभा राहिलो. खरं सांगायचं तर टाळ्या वाजवल्या. दार उघडून बाहेरच्या अनोळखी लोकांना सांगितलं, "नातीला दिसायला लागलं!" एका आजींनी डोळे पुसले. एका गृहस्थांनी माझा हात हातात घेऊन दाबला. मी खिशातला बिस्किटांचा पुडा फोडून सगळ्यांना वाटला आणि आत परत आलो, तेव्हा डॉक्टरीणबाई तक्ता फिरवून मागची बाजू पुढे करत होत्या.

"आता ही बाजू वाच."

मिरीने तीच अक्षरं, त्याच क्रमाने, त्याच आत्मविश्वासाने वाचली. तक्त्यावर त्यांतलं एकही अक्षर नव्हतं. दाराशी उभं राहून दहा पेशंटांचं ऐकलेलं तिला तोंडपाठ झालं होतं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मिरीला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "पट्टी रोज लावता ना?" मी काकू, आत्या, हेडमास्तर, फळ्यावरची आकृती, सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आजोबा, गोष्ट छान आहे. पण एक महिना गेला."

बाहेर पडताना बिस्किट खाणाऱ्या त्या सगळ्या लोकांसमोरून जावं लागलं. हात दाबणारे गृहस्थ पुन्हा हात दाबायला उठले. मी खाली मान घालून निघालो. रस्त्यात मिरी म्हणाली, "तुम्ही किती खूश झाला होतात." मग जरा वेळाने, "म्हणून मी पाठ केलं." मी तिचा हात घट्ट धरला. मला माझीच लाज वाटली.

माझ्या डोक्याने आता पक्कं घेतलं, की रोग डोळ्यात नसून कागदपत्रांत आहे. एका गोष्टीच्या तीन आवृत्त्या फिरतायत आणि अधिकृत एकही नाही, मग पोर कुणाचं ऐकणार? आधी छापील पुरावा बघावा म्हणून मी वाचनालयात गेलो. (माझीच गोष्ट छापील सापडेल अशी आशा मला कशी वाटली, हे विचारू नका. काकूंच्या आत्याने माझा स्वतःवरचा विश्वास उडवला होता.) तिथल्या ग्रंथपालांनी मागणीपत्रक पुढे सरकवलं.

"लेखकाचं नाव राहिलंय."

"लोककथा आहे हो. लेखक नसतो."

"रकाना रिकामा चालत नाही."

मी 'लोक' असं लिहिलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आडनाव?"

असे नियम पाळणारे लोक मला एरवी फार आवडतात. त्या दिवशी आवडले नाहीत.

शेवटी मी माझ्याच खोलीत सभा बोलावली. काकू, हेडमास्तर, आमची ही आणि अध्यक्षस्थानी मी. मिरी आईबरोबर बाहेर गेली होती. मी पोटतिडकीने सांगितलं, की पोरीच्या डोळ्याचा प्रश्न आहे, गोष्टीचा एकच पाठ ठरवू या आणि सगळ्यांनी तोच सांगू या. पान उजव्या डोळ्यावर, आणि नीट दिसेपर्यंत रोज.

"पण आत्या..." काकू म्हणाल्या.

"काकू, तुमच्या आत्याविषयी मला आदर आहे."

"आदर आहे तर तीन दिवस घाला."

हेडमास्तर म्हणाले, "मी सही करीन, पण डाव्या डोळ्याविषयी माझं मतभेदाचं टिपण जोडावं लागेल."

तासभर हेच. मला वाटतं मी थोडा ओरडलोही. तेव्हा ही चहा घेऊन आली आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाली, "त्या दिवशी बिस्किटं वाटून आले ना, तेव्हापासून हे नीट जेवलेले नाहीत." इतकंच. मग काकू म्हणाल्या, "आत्या तशी वयाने विसराळूच झाली होती." हेडमास्तरांनी पेनाचं टोपण काढलं. "फळ्याकडे तोंड केलं की आपलं डावं-उजवं होतंच," ते म्हणाले आणि टिपणाशिवाय सही केली. त्या क्षणी मी त्यांना गेल्या पंधरा वर्षांचं सगळं माफ केलं. मला तर फळाही लागत नाही.

मग मी गोष्ट लिहून काढली. दोन्ही बाजूंना समास सोडून, बोटभर उंचीच्या अक्षरांत, कारण मिरीच्या डाव्या डोळ्याला तेवढीच अक्षरं लागत होती. चांगले सहा कागद झाले. पण मिरी पडली नक्कलवाल्याची नात. तिने कागद उलटसुलट केले आणि म्हणाली, "हे तर तुम्हीच लिहिलंय. खरं कशावरून?"

म्हणून मी कचेरीत गेलो.

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच गेलो, आणि चुकीच्या बाजूने. खिडकीच्या आत माझ्या खुर्चीवर मीच तयार केलेल्या बाई बसल्या होत्या. हुशार, काटेकोर. रांगेत माझा नंबर आल्यावर त्या लगबगीने उठल्या. "सर, तुम्ही रांगेत कशाला?" मला जरा बरं वाटलं. मी सहा कागद आत सरकवले. "यावर शिक्का हवा होता."

त्यांनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. सरडा, फांदी, आई. मग हळूच म्हणाल्या, "सर, मूळ प्रत?"

"मूळ नाही."

"सर..." त्या कानकोंड्या झाल्या. "तुम्हीच शिकवलंत. मूळ डोळ्यांनी बघितल्याशिवाय शिक्का उचलायचा नाही. पहिल्याच दिवशी मला रडवलं होतंत त्यावरून."

रडवलं होतं. आठवत होतं मला. मागे रांग वाढत होती. मी खिडकीत डोकं घालून त्यांना सगळं सांगितलं, मिरीचा डोळा, पट्टी, बिस्किटं. ज्या खिडकीतून मी हजारो लोकांना 'मूळ सापडलं की या' म्हटलं, तिथे मी उभा राहून म्हणत होतो, "बाई, पोरीला दिसायला हवं हो."

त्यांनी कागद नीट जुळवले. त्यांवर शिक्का ठेवला, शेजारी शाईची डबी उघडून ठेवली. मग म्हणाल्या, "माझा चष्मा आत राहिलाय, घेऊन येते. चष्म्याशिवाय मला समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही." आणि आत गेल्या. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

एकतीस वर्षांत न केलेलं काम मी खिडकीतून हात घालून केलं. या बाजूने हात नीट पोचत नव्हता, त्यामुळे शिक्का जरा तिरका उमटला. मागच्या माणसाने विचारलं, "कसली नक्कल?" मी म्हटलं, "कौटुंबिक."

मिरीने शिक्क्यावर बोट फिरवलं. तिच्या डाव्या डोळ्याला तो नुसता जांभळा डाग दिसत होता. "हे काय सांडलंय?" मी म्हटलं, "सांडलं नाही. ते कचेरीचं आहे. ते असलं की कुणाला काही बदलता येत नाही." त्यावर काय लिहिलंय, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

त्यानंतर पट्टीवरून वाद झाला नाही. रोज चारला पट्टी, मग गोष्ट. आधी मी वाचायचो, मग ती एकेक अक्षर लावायला लागली, नाक कागदाला टेकवून. काकू खालून ऐकायच्या आणि ती अडखळली की ओरडायच्या, "पि-ल्लू!" एका अर्थाने ते नियमबाह्य होतं, पण मी चालवून घेतलं. महिनाभराने मी तिला तीच गोष्ट अर्ध्या उंचीच्या अक्षरांत उतरवून दिली, मग त्याहून लहान. मिरी कुरकुर करायची, मध्येच रडायची, पट्टी ओढायची, आणि परत कागदाला नाक लावायची. डॉक्टरीणबाई दुसऱ्या तपासणीला 'बघू' इतकंच म्हणाल्या होत्या. मी तेवढ्या एका शब्दावर जगत होतो. तिसरी तपासणी आठवड्यावर आली आणि मला पुन्हा धास्ती बसली. मिरीला सगळी गोष्ट आता तोंडपाठ. ती वाचतेय की म्हणतेय, हे कळायचं कसं?

त्या संध्याकाळी मिरी टेबलाशी एकटीच बसली होती, उजव्या डोळ्यावर पट्टी. ते पहिले सहा कागद तिने काढले होते. मी खुर्चीत पेपर वाचत होतो. ती काहीतरी पुटपुटत होती, पण ते सरड्याचं वाटत नव्हतं. गोष्टीत नसलेलं काहीतरी ती सावकाश, एकेक अक्षर जोडत लावत होती.

"मू... ळ... मूळ. पा... हि... ले. मूळ पाहिले."

मी पेपर खाली ठेवला.

तिने कागद तिरका केला, कारण शिक्का तिरका होता. "ख... री. खरी न... क्... नक्कल." मग मान वर केली. "आजोबा, त्या जांभळ्या डागात अक्षरं आहेत!"

ती अक्षरं तिळाएवढी. या घरात ती कुणी कधी मोठ्याने वाचलेली नव्हती. हिने नाही, लेकीने नाही, काकूंना तर ती खालून दिसणंच शक्य नव्हतं. पाठ करायला कुणी ती तिला ऐकवलीच नव्हती. ती मिरीच्या डाव्या डोळ्याने, त्या आळशी, आत वळलेल्या, चिडक्या, शहाण्या डोळ्याने स्वतः वाचली होती.

आणि लगेच तिने तो प्रश्न विचारला, जो विचारणाऱ्या एकाही माणसाला मी एकतीस वर्षांत रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं.

"मूळ पाहिले म्हणजे? मूळ कुठाय?"

मी पेपर पुन्हा उचलला. तो उलटा होता. मिरीने क्षणभर वाट बघितली, मग या घरातली वस्तू सापडत नसली की आम्ही सगळे जे करतो तेच केलं. स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "आजी, गोष्टीचं मूळ तुझ्याकडे आहे का?"

आत नळ चालू होता, तो बंद झाला.

"आहे ना," ही म्हणाली. आवाज जरासा जड होता. "जपून ठेवलंय मी. पण आठ वाजेपर्यंत पट्टी काढायची नाही हं."

"किती वाजले आजोबा?"

मी घड्याळाकडे पाहिलं. दोन्ही डोळे उघडे असून मला काटे दिसेनात.